एकाच ट्रेलरमध्ये टिकली आणि तिचा टांगा: बदल, वजनं आणि कागद

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "घोडा आणि टांगा एकाच ट्रेलरमधून न्यायला परवानगी कुठून काढलीस?" आणि याचं खरं उत्तर असं आहे की अशी परवानगी देणारं ऑफिसच इथे नाहीये. इंग्लंडमध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या साध्या ट्रेलरला दरवर्षीची एमओटी (गाडीची सक्तीची तपासणी) नाही, स्वतःचं आरसी बुक नाही, तो मागे कारचाच नंबर लावून फिरतो. आपल्याकडे गाडीत बदल केला की आरटीओत जायचं, आरसीवर नोंद करून घ्यायची, त्रास असतो पण शेवटी हातात शिक्का मिळतो. इथे शिक्का नाही आणि काही चुकलं तर सगळी जबाबदारी चालवणाऱ्याची. मला सुरुवातीला याचीच भीती वाटली होती, म्हणून जे केलं ते क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही नॉर्थ यॉर्कशायरमध्ये राहतो. टिकली ही आमची शेटलँड पोनी, काळी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. वजन साधारण १९० किलो. शेटलँडची उंची जास्तीत जास्त ४२ इंच धरतात, ही त्याहून थोडी बुटकीच. ती टांगा फार आनंदाने ओढते, साज अंगावर चढला की कान टवकारून उभी राहते. टांगा म्हणजे आपल्या मिरज-सांगलीकडचा छपराचा नव्हे, लोखंडी सांगाड्याचा हलका दोनचाकी, एक मोठा माणूस आणि एक मूल बसेल एवढा, वजन ११० किलो. इथे हा छंद बराच जुना आहे, प्रिन्स फिलिप १९७१ मध्ये पोलो सोडल्यावर याच खेळाकडे वळले आणि नव्वदी ओलांडल्यावरही घोडागाडी हाकत होते. आमच्या आसपासही दर महिन्याला कुठे ना कुठे सराव असतोच.

अडचण नेण्याची. घराजवळचे रस्ते अरुंद आणि वळणांचे, ट्रॅक्टर भरधाव येतात, तिथे मला टांगा चालवायचा नव्हता. सरावाला जायचं तर टिकली मैत्रिणीच्या ट्रेलरमध्ये आणि टांगा भाड्याच्या व्हॅनमध्ये, म्हणजे दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दुप्पट डिझेल, आणि नवऱ्याला शनिवारची सुट्टी नसेल तर बेतच रद्द. त्यामुळे सप्टेंबर २०२३ मध्ये ठरवलं की जुना दोन घोड्यांचा ट्रेलर घ्यायचा आणि त्यात दोघांची सोय करायची.

पहिलं काम लायसन्सचं. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येतं, ते अदलाबदल करून मिळत नाही, टेस्टच द्यावी लागते, ती मी २०१७ मध्ये दिली होती. १९९७ नंतर टेस्ट पास झालेल्यांना पूर्वी मोठा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली, आता साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. हे ३५०० म्हणजे ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेलं कमाल वजन, त्या दिवशी आत किती सामान आहे ते नव्हे. सरकारी वेबसाइटवर आपलं लायसन्स उघडून बीई हा गट (कार अधिक ट्रेलर) दिसतोय का ते एकदा बघून घ्या. परीक्षा नसली तरी मी अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग घेतलं, १८० पौंड लागले आणि ते सगळ्यात चांगले गेले असं मला वाटतं. रिव्हर्स घेताना स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरायचा आणि ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवायचा, ही एक गोष्ट कळली आणि माझी निम्मी धडधड थांबली.

दुसरं, कार. ड्रायव्हरच्या दाराजवळ किंवा बॉनेटखाली व्हीआयएन प्लेट (गाडीच्या ओळख नंबरची पट्टी) असते, त्यावर चार वजनं एकाखाली एक लिहिलेली असतात. पहिलं पूर्ण भरलेल्या कारचं, दुसरं कार अधिक ट्रेलर मिळून, तिसरं-चौथं पुढच्या-मागच्या अॅक्सलचं, म्हणजे आसाचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की कार भरलेली असताना किती ओढता येईल ते कळतं. आमच्या डिझेल एसयूव्हीचं उत्तर २००० आलं. आता इथे बरेच जण गोंधळतात. बघायला गेलेल्या ट्रेलरच्या प्लेटवर कमाल वजन २३४० होतं, मग आमच्या कारला तो चालणार नाही का? चालतो, कारण कारच्या मर्यादेसाठी ट्रेलरचं त्या वेळचं प्रत्यक्ष वजन बघतात, प्लेटवरचा आकडा लायसन्सच्या हिशोबासाठी. पण म्हणूनच प्रत्यक्ष वजनाचा पुरावा जवळ असावा लागतो, त्याबद्दल पुढे लिहितेच.

ट्रेलर ऑक्टोबरमध्ये मिळाला. २००८ चा, दोन घोड्यांचा, मागे रॅम्प आणि पुढे डाव्या बाजूला दुसरा छोटा रॅम्प. हा पुढचा रॅम्प आमच्या सगळ्या योजनेचा पाया आहे. टांगा मागे ठेवला तर टिकलीला बाहेर काढायला स्वतंत्र वाट हवी, टांगा उतरवेपर्यंत ती आत अडकून राहता कामा नये, मग ते अपघातात असो, आगीत असो की नुसती घाबरलेली असताना. ज्यांच्या ट्रेलरला फक्त मागचा रॅम्प आहे त्यांनी मागे टांगा ठेवायचा विचारसुद्धा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डाव्या बाजूचा रॅम्प असल्याने जनावर फुटपाथच्या बाजूला उतरतं, ट्रॅफिकमध्ये नाही.

किंमत २२०० पौंड. घेण्याआधी सीरियल नंबर घेऊन तो बनवणाऱ्या कंपनीला कळवला, चोरीचा म्हणून नोंद नाही ना ते विचारून घेतलं. मग रबरी मॅट्स पूर्ण उचलायला लावल्या आणि खालून झोपून टॉर्चने लाकडी फरशी बघितली, स्क्रूड्रायव्हर टोचून. विकणाऱ्याला हे आवडलं नाही तर ट्रेलर घेऊ नका. घोड्याचं मूत्र वर्षानुवर्षं मॅटखाली मुरतं आणि वरून छान दिसणारी फळी आतून पिठासारखी होते. आमच्या ट्रेलरची एका कोपऱ्यातली फळी मऊ होती, ती किमतीत धरून घेतली आणि नंतर पूर्ण फरशीच बदलली. टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष, ती बघा. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि उभे राहून जास्त खराब होतात. मी चारही नवे घेतले.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगते. २९ ऑक्टोबर २०१२ नंतर बनलेल्या ट्रेलरना टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मंजुरी, असतं. आमचा त्याआधीचा, त्यामुळे तो कागद नाही, पण कंपनीची प्लेट आहे, आणि आपण कितीही मजबूत काम केलं तरी त्या प्लेटवरचं कमाल वजन वाढत नाही. उलट जे काही बसवाल त्याचं वजन सामानाच्या वाट्यातून जातं.

नोव्हेंबरमध्ये मी दोन मेल पाठवले, एक कंपनीला आणि एक विम्यासाठी. कंपनीला हाताने काढलेला नकाशा जोडला आणि सरळ विचारलं की आडवी भिंत कुठे बसवावी, कुठे भोक पाडू नये. तीन आठवडे काही उत्तर नाही, मग फोन केला, मग चांगलं सविस्तर उत्तर आलं. चॅसीला वेल्डिंग नको, चॅसीच्या मुख्य लांब बारांना भोक नको, मधल्या पार्टिशनचे जे खांब आणि बोल्ट आहेत ते वापरा, फरशीत काही बसवायचं तर खालच्या आडव्या बारांतून बोल्ट आरपार न्या. हा मेल प्रिंट करून फाइलमध्ये आहे.

विम्याचं जरा मनाला लागलं. ज्या कंपनीकडे आधी चौकशी केली त्यांनी मॉडिफाय केलेला ट्रेलर म्हटल्यावर पुढे ऐकूनच घेतलं नाही. दोन रात्री मला वाटत होतं की सगळं सोडून द्यावं. मग घोड्यांच्या ट्रेलरचाच विमा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीने फक्त तीन गोष्टी मागितल्या: काम कोण करणार, वापरलेल्या सामानाची माहिती, आणि झाल्यावर फोटो. हप्ता वर्षाला ११४ पौंड. कारचा विमा जोडलेल्या ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान सहसा भरतो, पण खुद्द ट्रेलरचं नाही, आणि हे तुमच्या पॉलिसीत नक्की कसं आहे ते लेखी विचारा. तसंच ब्रेकडाउन कव्हर. साध्या कव्हरमध्ये कार उचलून नेतील, आत जिवंत जनावर असेल तर काय, हे फोनवर विचारा. मी जनावरासकट नेणारं कव्हर वेगळं घेतलं.

डिसेंबर सगळा मोजमापात गेला आणि मला तो महिना फार आवडला. ट्रेलर आतून साधारण ३.१ मीटर लांब, १.६५ रुंद. टांग्याच्या दांड्या धरल्या तर तो कशातच बसत नाही, पण आमच्या टांग्याच्या दांड्या प्रत्येकी दोन बोल्टवर निघतात, मग उरतो १.२ मीटर लांब आणि चाकापासून चाकापर्यंत १.२५ मीटर रुंद असा ऐवज. म्हणजे मधलं उभं पार्टिशन काढायचं, पुढे पूर्ण रुंदीची टिकलीची खोली, मग आडवी भिंत, मागे टांगा, दांड्या बाजूच्या भिंतीला रबरी कड्यांत.

कागदावर हे सोपं दिसतं. पण टिकली अॅक्सलच्या पुढे आणि टांगा मागे, म्हणजे हूकवर किती भार येणार ते कळलंच पाहिजे. कारच्या टोबारवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या दांडीवर) त्याची मर्यादा लिहिलेली असते, आमची १०० किलो. जास्त झाला तर कारचं मागचं टोक दबतं आणि पुढच्या चाकांची पकड जाते, फार कमी झाला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो, आणि तो प्रकार सुरू झाला की आवरणं अवघड. म्हणून वेल्डरला एक पैसाही द्यायच्या आधी आम्ही खाद्याची २० किलोची पोती आणली. टिकली उभी राहील त्या जागेवर पोती रचली, भिंतीच्या जागी तिच्या अंदाजे वजनाच्या फळ्या, मागे खराखुरा टांगा, आणि हूकखाली नोजवेट, म्हणजे हाच हूकवरचा भार, मोजायचा छोटा काटा, २५ पौंडाला मिळाला. टांगा आत असताना ८० किलोच्या आसपास आलं. टांगा बाहेर काढून फक्त टिकलीची पोती ठेवली तर १०४! म्हणजे टांग्याशिवाय नेताना आम्ही मर्यादेबाहेर जाणार होतो. पाण्याचे २५ लिटरचे दोन कॅन मागच्या रॅम्पजवळ बांधले की तेच ९० वर येतं. तेव्हापासून आमचा नियम ठरला, टांगा असेल तर पाणी अॅक्सलच्या वर, नसेल तर मागे. पोत्यांचा हा प्रयोग कराच, एका दुपारचं काम आहे आणि पोती काही वाया जात नाहीत, टिकलीच खाते.

जानेवारी २०२४ मध्ये वेल्डर ठरला. शेतीची अवजारं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ, हातात सहा आठवड्यांचं काम आधीच होतं, त्यामुळे थांबावं लागलं. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ही भिंत कोणाला कोणापासून वाचवायला?" मी म्हटलं, टिकलीला टांग्यापासून. ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी विचार कर. आणि खरंच आहे. इथल्या सरकारी नियमपुस्तिकेत सामान बांधण्याचं एक सरळ माप दिलंय, बांधणी अशी हवी की सामानाचं पूर्ण वजन पुढच्या दिशेने आणि निम्मं वजन बाजूला व मागे, एवढा जोर सहन झाला पाहिजे. टांगा ११० किलो, म्हणजे जोरात ब्रेक मारला तर ११० किलो टिकलीच्या पाठीवर यायला बघणार. आणि टिकली १९० किलोची, ती मागे रेलली किंवा लाथ घातली तर भिंतीने तेही झेलायचं. माझ्या मनात रात्री झोपताना हेच चित्र यायचं, अचानक ब्रेक, मागून लोखंड सरकत येतंय आणि तिला पळायला जागा नाही. म्हणून ठरवलं की टांगा पट्ट्यांनीच जागच्या जागी राहिला पाहिजे, भिंत ही दुसरी राखण, पहिली नव्हे.

भिंत अशी झाली: ४० बाय ४० मिलिमीटर स्टीलच्या चौकोनी पाइपची चौकट, खाली १८ मिलिमीटरचा जाड प्लाय, टिकलीच्या बाजूने रबर, वर हवा खेळावी म्हणून उभ्या सळ्या. सळ्यांमधलं अंतर एवढं कमी की तिचं खूर अडकणार नाही, आणि प्लाय थेट फरशीला टेकलेला, खाली फट नाही, कारण लहान पोनी आडवी झाली तर पाय त्याच फटीत जातो. एकही बोल्ट तिच्या बाजूला बाहेर आलेला नाही. वजन ६५ किलो. वेल्डिंग सगळं बाहेर वर्कशॉपमध्ये, ट्रेलरला फक्त बोल्ट, भोकांच्या कडांना जस्ताचा स्प्रे. फरशीत टांग्यासाठी चार अँकर (पट्टे अडकवायच्या कड्या), त्यांचे बोल्ट खालच्या आडव्या बारांतून आरपार आणि खाली जाड लोखंडी पट्ट्या. नुसत्या प्लायमध्ये स्क्रू मारून कडी बसवलेली मी एकदोन ट्रेलरमध्ये बघितली आहे, कृपा करून तसं करू नका, पट्टा टिकेल आणि कडी प्लायसकट उपटून येईल.

आणखी एक गोष्ट शेटलँडवाल्यांसाठी. घोड्याच्या छातीसमोर जो आडवा बार असतो तो मोठ्या घोड्यांच्या उंचीचा असतो. शेटलँड त्याच्या खालून सरळ पुढे निघून जाते आणि मध्येच अडकली तर भयानक प्रकार होतो. तो बार काढून आम्ही तिच्या छातीच्या उंचीला दुसरा, आणि त्याखाली जमिनीपर्यंत फळी लावली. बार बाहेरून पिन ओढून मोकळा करता येतो. या सगळ्या कामाचे ७८० पौंड, फरशीचे वेगळे ३१०.

पट्ट्यांबद्दल मला फार काही सांगायचंय, कारण इथेच लोक घाई करतात. प्रत्येक रॅचेट पट्ट्यावर एक लेबल असतं, त्यावर एलसी म्हणून आकडा असतो, म्हणजे पट्टा किती ताण झेलेल ते, डेकान्यूटनमध्ये, ढोबळमानाने किलो धरा. लेबल फाटलेला, कडेला उसवलेला पट्टा वापरू नका. पट्टा कधीही टांग्याच्या बैठकीवरून किंवा स्प्रिंगच्या पाट्यांवरून घालायचा नाही, पाटे रस्त्यावर दबत-उठत राहतात आणि दहा मैलांत पट्टा सैल पडतो. पट्टा आसाला बांधायचा, चाकांच्या आतल्या बाजूने, दोन पुढे दोन मागे, प्रत्येकाला आपापला अँकर. आऱ्यांना बांधायचं नाही, वाकतात. चाकांना पुढून-मागून लाकडी उटी. दांड्या नसल्या की दोनचाकी टांगा नाकावर पडतो, म्हणून पुढे एक छोटा स्टँड आणि त्याला वेगळा पट्टा. आणि निघाल्यावर चार-पाच मैलांनी थांबून परत एकदा सगळे पट्टे ओढून बघायचे. चार चांगले पट्टे ६४ पौंडांना मिळाले.

फेब्रुवारीच्या शेवटी ट्रेलर सर्व्हिसला दिला. बेअरिंग, ब्रेक शू, कपलिंग (कारला जोडायचा ट्रेलरचा सांधा), २८० पौंड आणि त्यांच्या लेटरहेडवर काय काय तपासलं त्याची यादी. या ट्रेलरचे ब्रेक ओव्हररन प्रकारचे असतात, कार थांबायला लागली की ट्रेलर पुढे ढकलतो, तो दाब कपलिंगमधून जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. कपलिंग तुटलंच तर ब्रेकअवे केबल हँडब्रेक ओढते. ही केबल टोबारला नेमून दिलेल्या कडीत अडकवा, लोंबकळून रस्त्याला घासू देऊ नका. दिवे सगळे एलईडी केले, मागचे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर, मागचा फॉग लॅम्प, पुढचे पांढरे दिवे तपासले. नंबर प्लेट अधिकृत दुकानातूनच, कारचं व्ही५सी (नोंदणीचा कागद) आणि स्वतःचं ओळखपत्र दाखवावं लागतं, १५ पौंड.

या सगळ्या काळात टिकलीचं ट्रेनिंग चालू होतं. तिला मागच्या रॅम्पची सवय, पुढचा रॅम्प अरुंद आणि चढताना वळण. पहिले काही दिवस ती नुसती रॅम्पवर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची. मी अजिबात ओढलं नाही. बादली आत, रॅम्पवर भुसा, आणि मी शेजारी बसून. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बघत होती, म्हणाली, "अगं तिला आधी तू आत जाऊन दाखव ना, ती तुझ्याच मागे येईल." आणि ज्या दिवशी मी आत जाऊन निवांत उभी राहिले त्या दिवशी ती आली. मग नुसतं आत खाणं, मग रॅम्प बंद, मग इंजिन चालू, मग शेताला एक फेरी. मार्चपर्यंत ती दोर न ओढता चढायला लागली. घाई असलेल्यांनी बाकी कशातही घाई करा, यात नको.

मार्चमध्ये वजनकाटा. आमच्या जवळचा सार्वजनिक काटा एका धान्य व्यापाऱ्याच्या आवारात आहे, शनिवारी-रविवारी बंद, त्यामुळे ऑफिसातून सुट्टी काढावी लागली. जाण्याआधी फोन करून जनावर आणलं तर चालेल का विचारा, सगळीकडे चालतंच असं नाही. मी तीन पावत्या मागितल्या: कार आणि ट्रेलर एकत्र, नुसती कार, आणि ट्रेलर सुटा. सुट्या ट्रेलरचं वजन टिकली, टांगा, साज, पाणी, चारा सगळं धरून १३८० किलो आलं. कारच्या २००० च्या आत, प्लेटच्या २३४० च्या बरंच आत. पावत्यांचे १८ पौंड. आतलं सगळं कुठे ठेवलंय त्याचे फोटो त्याच दिवशी काढले, कारण पावतीवरचा आकडा त्या मांडणीचा आहे, पुढे मांडणी बदलली तर परत मोजायचं.

मग टिकलीशिवाय, फक्त टांगा आत घेऊन फिरलो. आत एक साधा वायफाय कॅमेरा लावला होता, नवरा कारमध्ये मोबाइलवर बघत बसला होता. खड्डे, वळणं, उतार. टांगा जागचा हलला नाही, पण पुढचा स्टँड कडेला सरकत होता, म्हणून त्याला खाली रबर आणि आणखी एक छोटा पट्टा लावला. वेगाचं लक्षात ठेवा, ट्रेलर असताना साध्या दुतर्फा रस्त्यावर ५० मैल, मोटरवेवर ६० आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. मी ४५ च्या वर फारशी जातच नाही. मागे रांग लागली तर पुढच्या ले-बायमध्ये (रस्त्याकडेच्या थांब्यात) थांबून लोकांना जाऊ देते.

पहिला खरा प्रवास एप्रिल २०२४ मध्ये, मैत्रिणीच्या शेतावर, पंधरा मैल. क्रम असा: ट्रेलर कारला जोडलेलाच हवा, सुट्या ट्रेलरमध्ये काहीही चढवायचं नाही, तो उलटा होऊ शकतो. आधी मागून टांगा, पट्टे, मागचा रॅम्प बंद, मग पुढून टिकली. तिला सरळ कडीला बांधायचं नाही, कडीला गवताच्या गठ्ठ्याची सुतळी आणि सुतळीला दोर, म्हणजे घाबरून जोरात ओढलं तर सुतळी तुटेल, मान नाही. पोचल्यावर उलटं, आधी टिकली बाहेर, कुणीतरी तिला धरून उभं, मग टांगा. कागदांत तिचा पासपोर्ट, म्हणजे घोड्याचं ओळखपत्र, प्रवासात सोबत लागतोच, आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. छंद म्हणून नेत असाल तर जनावर वाहतुकीचं वेगळं ऑथोरायझेशन लागत नाही, पण लग्नकार्यात पैसे घेऊन फेऱ्या मारायचा विचार असेल आणि प्रवास ६५ किलोमीटरच्या पुढचा असेल तर लागतं, ते आधी बघा.

पोचलो तेव्हा माझे हात थरथरत होते. पुढचा रॅम्प उघडला तर टिकली चारा चघळत उभी, अंगाला घाम नाही, आणि सळ्यांमागे टांगा जिथे बांधला होता तिथेच. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले, खरंच सांगते. साज चढवून अर्ध्या तासात आम्ही शेताच्या कडेने फेरी मारत होतो.

ट्रेलरची किंमत सोडून सगळा खर्च टायर, ट्रेनिंग, विमा, कव्हर धरून दोन हजार पौंडांच्या थोडा वर गेला. फाइल कारमध्येच असते: कंपनीचा मेल, विम्याचं पत्र, वेल्डरचं बिल, सर्व्हिसची यादी, वजनाच्या पावत्या, फोटो. अजून रस्त्यात कुणी थांबवून विचारलेलं नाही.

मोठ्या पोनीवाल्यांनी मात्र हा नकाशा जसाच्या तसा उचलू नका. फेल किंवा वेल्श कॉब या मोठ्या जातींची पोनी साडेतीनशे-चारशे किलोची किंवा त्याहूनही जड असते, तिला १.६५ मीटरची खोली पुरत नाही आणि हूकवरचा भार सरळ मर्यादेबाहेर जाईल. तिथे एकतर लांब ट्रेलर लागतो किंवा टांगा पिकअपच्या मागे. मागच्या रॅम्पबाहेर फ्रेम काढून त्यावर टांगा लटकवायचा प्रकार काही जण करतात, त्यात मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाते, रॅम्प उघडत नाही, आणि एक मीटरच्या पुढे काही बाहेर आलं की ते स्पष्ट दिसेल अशी खूण लावावी लागते. मी त्या वाटेला गेले नाही. कुणाला आमच्या भिंतीची मापं हवी असतील तर सांगा, वेल्डरकाकांनी काढलेला नकाशा त्यांच्या परवानगीने पाठवते.